मानखुर्दहून आणलेला हुक

१

घाटकोपरला पंतनगरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विमानांचं कौतुक नसतं. खाडीच्या बाजूने एकामागून एक येतात, चाकं काढून डोक्यावरून जातात आणि पलीकडे धावपट्टीवर उतरतात. विमान आलं की बोलणारा तोंडातलं वाक्य तसंच धरून ठेवतो आणि आवाज पुढे सरकला की उरलेलं बोलतो. परुळेकरांकडे ही सवय इतकी मुरली होती की सुट्टीत मालवणला गेल्यावरही रत्नप्रभा बोलता बोलता मधेच थांबायची. सासूबाई विचारायच्या, "काय गो, इसारलंस काय?"

तिचा नवरा चंद्रप्रकाश लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होता. पन्नाशीला आलेला, नीटनेटका, बोलायला गोड. त्याला एकच नाद होता. नौदलाच्या जहाजावरून उडणारी जी विमानं मोडीत निघाली, त्यांचे सुटे भाग तो जमवायचा. जमिनीवरून उडणाऱ्या विमानांकडे तो बघायचाही नाही. "ते काय, कोणीही जमवेल," म्हणायचा.

हॉलची एक अख्खी भिंत या वस्तूंना दिलेली होती. उंची दाखवणारी काचेची तबकडी, बोटांनी झिजलेलं लाल बटण असलेली दांडी, पंख दुमडून ठेवायची बिजागरी, रबराचा ऑक्सिजन मास्क. पाहुणे आले की तो एकेका वस्तूची गोष्ट सांगायचा. त्यात तिखटमीठ असायचंच. रत्नप्रभा नेमकी तेव्हा चहा टाकायला उठायची.

एक वस्तू मात्र त्याच्याकडे नव्हती, ती म्हणजे हुक. जहाजावरची जागा आखूड असते. तिथे उतरताना विमान शेपटीखालचा लोखंडी हुक खाली सोडतं, डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत तो अडकतो आणि विमान जागच्या जागी थांबतं. तार चुकली तर पुन्हा वर उठायचं, वळसा घालायचा, पुन्हा यायचं.

मुलुंडचा प्रीतम हा त्याचा मित्र, तोही असल्याच वस्तू गोळा करणारा. त्याने एके दिवशी सांगितलं, "मानखुर्दला एका बाईकडे हुक आहे. नवरा नेव्हीत होता तिचा, डेकवर. मला नाही दिला यार. तू बघ. तुझी जीभ चालते."

२

मानखुर्दची ती इमारत रिकामी व्हायला लागली होती. पुनर्विकासाचा फलक खाली लागला होता आणि जिन्यात लोकांनी टाकून दिलेल्या गाद्या पडल्या होत्या. नंदाबाई गायसमुद्रे वरच्या मजल्यावर एकट्याच राहत होत्या. खोली लखलखीत होती. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली नवऱ्याचा, कुंडलिकरावांचा फोटो. मागच्या वर्षी ते गेले होते.

हुक गॅलरीत होता. ग्रिल कापून बाहेर एक फळी काढली होती, तिच्यावर तो उघडा, आभाळाकडे तोंड करून ठेवलेला. पुरुषभर लांबीची दांडी, काळेपांढरे पट्टे, टोकाला जनावराच्या खुरासारखा जाड वाक. खाडीच्या वाऱ्यात इतकी वर्षं राहूनही त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. तेलाचं बोट फिरवलेलं दिसत होतं.

"विकायचा नाहीये साहेब," नंदाबाई म्हणाल्या. "ठेवायला द्यायचाय. आता मला जी खोली मिळणार तिला गॅलरी नाही. तुम्ही कुठून आलात?"

"संग्रहालयातून," चंद्रप्रकाश म्हणाला.

त्याला संग्राहक म्हणायचं होतं. निदान नंतर तो स्वतःला तसं सांगायचा. शब्द दुरुस्त करायला वेळ होता, पण नंदाबाईंचा चेहरा एवढा मोकळा झाला की त्याने तो तसाच राहू दिला.

"म्हणजे सरकारीच की. मग उघड्यावर ठेवाल ना? छपराखाली नको."

"उघड्यावरच ठेवणार मावशी. मोठी हिरवळ आहे."

"ज्याच्या विमानाचा आहे त्याला वरून दिसला पाहिजे. दुपारचा येतो तो. दिसला की त्याला धीर येतो, मग निवांत जातो."

चंद्रप्रकाशने मान हलवली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या अशा बोलण्याला काय उत्तर द्यायचं असतं ते त्याला माहीत होतं. "दिसेल की. का नाही दिसणार?"

त्यांनी काही मागितलं नाही. खाली पाटीवर कुंडलिकरावांचं नाव लिहा, एवढंच म्हणाल्या. पत्ता विचारला तेव्हा त्याने सवयीने खिशातलं कार्ड दिलं. त्यावर छापलेलं होतं, नौदल विमान संग्रह, आणि खाली घरचा पत्ता. नंदाबाईंनी ते कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवलं.

टेम्पोत हुक चढवताना त्या जिन्यापर्यंत आल्या. पदराने त्याचं टोक पुसलं. चंद्रप्रकाशला वाटलं रडतील, पण त्या हसत होत्या.

३

हुक हॉलमध्ये आडवा लावला. चंद्रप्रकाशने भिंतीत जाड बोल्ट ठोकले, टोक वरच्या बाजूला राहील असा तो बसवला आणि वरून त्यावर दिवा सोडला. पाटी लावली नाही. रत्नप्रभाला सांगितलं, "बाईने दिला. तिला नकोच होता."

पहिल्याच रविवारी दुपारी दोघं जेवत होती. बांगड्याचं तिखलं होतं. रत्नप्रभा बहिणीच्या नव्या सोसायटीबद्दल सांगत होती, "आणि तो सेक्रेटरी म्हणतो कसा..." आणि थांबली. चंद्रप्रकाशनेही घास हातात धरून ठेवला. मग ती पुढे बोलू लागली, त्यानेही घास तोंडात घातला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं.

"आत्ता विमान गेलं?"

"गेलं ना."

"तुला आवाज आला?"

तिने विचार केला. "आला असणार. थांबले ना मी."

त्याला आवाज आला नव्हता. खिडकी उघडी होती, खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, तेही ऐकू येत होतं. विमान नव्हतं. तरी दोघं थांबली होती.

हात धुऊन तो हॉलमध्ये आला तर हुकाचं टोक खाली आलेलं. वर करून बसवलेला वाक जमिनीकडे लोंबत होता, उतरायच्या आधी विमान सोडतं तसा. बोल्ट ढिला राहिला असणार. आयुष्यभर लिफ्टचे बोल्ट आवळलेल्या माणसाला हे पटायला जड गेलं, पण दुसरं काय असणार? त्याने पाना आणून तो आवळला. दुसऱ्या दिवशी दुपारी टोक पुन्हा खाली होतं. त्याने वॉशर बदलला. तिसऱ्या वेळी त्याने ते तसंच राहू दिलं आणि रत्नप्रभाला म्हणाला, "असंच बरं दिसतं."

त्यानंतर आवाज यायला लागला.

चंद्रप्रकाश दुपारी जेवायला घरी यायचा, त्याच सुमारास. रोजच्या विमानांचा भरदार आवाज नव्हे, त्याहून बारीक, चिरका आणि जुना. खाडीकडून यायचा, खाली खाली येत इमारतीला लागेल इतका जवळ यायचा आणि मग एकदम इंजिन पूर्ण ताकदीने उघडायचं. काचा थरथरायच्या. आवाज वर उठायचा, खाडीकडे वळायचा, विरायचा. थोड्या वेळाने पुन्हा.

चंद्रप्रकाशच्या फोनवर आकाशातली सगळी विमानं दाखवणारं अॅप होतं. त्याने लावून पाहिलं. डोक्यावर काही नव्हतं. लष्करी विमानं त्यात दिसत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. कधीकधी धावपट्टी मोकळी नसते आणि उतरणाऱ्याला वर जावं लागतं, हेही ठाऊक होतं. पण रोज? त्याने वॉचमन गुणाजीला सहज विचारलं, "हल्ली दुपारी एक विमान फार खालून जातं ना रे?"

"खालूनच जातात सगळी," गुणाजी म्हणाला. "मी तर आता ऐकतच नाही साहेब."

४

नंदाबाईंचा फोन आला तेव्हा तो जेवून उठला होता. रत्नप्रभा समोर भांडी आवरत होती.

"साहेब, लावला का?"

"लावला की मावशी."

"उघड्यावर?"

"एकदम उघड्यावर. लोक येऊन बघतात."

पलीकडून त्या हळू म्हणाल्या, "मग तो अजून का फिरतोय ओ?"

"कोण?"

"ऐका," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन खिडकीकडे धरला असावा.

फोनमधून तो चिरका आवाज आला. मानखुर्दच्या त्या गॅलरीवरून तो गेला, लांबत गेला आणि फोनमध्ये ऐकू येईनासा झाला. चंद्रप्रकाश फोन कानाला लावून उभा होता. मग तोच आवाज त्याच्या स्वतःच्या खिडकीतून आला. खाली आला, अगदी छतापर्यंत आला, इंजिन उघडलं आणि वर गेला.

"आला तुमच्याकडे?" नंदाबाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मी म्युझियममध्ये आहे मावशी. इथे काही नाही."

फोन ठेवल्यावर रत्नप्रभाने हातातलं ताट खाली ठेवलं.

"कसलं म्युझियम?"

त्याने सांगायला सुरुवात केली. शब्द कसा चुकून निघाला, त्या बाईला कसं बरं वाटलं, शेवटी वस्तू नीटच ठेवली आहे ना. बोलता बोलता त्याचं त्यालाच ते ऐकवेना.

"खोटां बोललात कित्याक?" रत्नप्रभा म्हणाली. ती रागावली की तिची मालवणी बाहेर यायची, पण आता ती रागावलेली दिसत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "आपल्या घरात जागा नव्हती काय खऱ्याला?"

उद्या फोन करून सांगू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच ठरवलं.

५

हुक बघायला प्रीतम रविवारी दुपारी असल्या वस्तू जमवणाऱ्या त्यांच्या ग्रुपमधल्या लोकांना घेऊन आला. बिअर उघडली. रत्नप्रभाने कोलंबी तळली आणि ती आतच बसली. चंद्रप्रकाश हुकाखाली उभा राहून गोष्ट सांगू लागला. वादळ, हेलकावणारं जहाज, इंधन संपत आलेला कोवळा वैमानिक, सगळ्या तारा चुकलेल्या, आणि अगदी शेवटच्या तारेत अडकलेला हा हुक. यातलं काहीही घडल्याचं त्याला माहीत नव्हतं. पण ती मंडळी श्वास रोखून ऐकत होती.

"म्हणजे याने जीव वाचवला त्याचा," एकजण म्हणाला.

"ह्यानेच," चंद्रप्रकाश म्हणाला.

प्रीतमने फोटोसाठी आपली टोपी काढून हुकाच्या टोकाला अडकवली. सगळे हसले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात नंदाबाई होत्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, केस चापून बसवलेले, पायात नव्या चपला. एखाद्या समारंभाला निघाल्यासारख्या. एका हातात त्याचं कार्ड होतं आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. रत्नप्रभाने दार उघडलं होतं. तिला त्यांनी विचारलं, "बाई, ते म्युझियम कुठल्या मजल्यावर आहे? कार्डावर हाच पत्ता आहे. ह्यांचा फोटो आणलाय, खाली लावायला."

मग त्यांना रत्नप्रभाच्या खांद्यावरून हॉल दिसला. दिवा दिसला, ग्लास दिसले, टोपी दिसली.

रत्नप्रभा बाजूला झाली. नंदाबाई आत आल्या. प्रीतमला सगळं ठाऊक होतं, तो आपल्या ग्लासात बघत राहिला.

चंद्रप्रकाशला त्या क्षणी खरं बोलणं सहज शक्य होतं. माफ करा म्हणाला असता तर त्या बाईने माफही केलं असतं, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण समोर ती सगळी मंडळी होती, आणि त्यांनी नुकतीच त्याची गोष्ट ऐकली होती.

"मावशी, तुमचा तो वेगळा," तो म्हणाला. "तो तिकडे कुलाब्याला लावलाय. हा दुसरा आहे. माझा जुना."

नंदाबाई हुकापाशी गेल्या. टोपी काढून त्यांनी जवळ बसलेल्या माणसाच्या हातात दिली. पदराने टोक पुसलं. दांडीवर तळवा ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या.

"दुसरा असेल," त्या म्हणाल्या. "पण ज्याचा कोणाचा असेल, त्याला वरून दिसत नाहीये."

आवाज आला. सगळे ग्लास हातात धरून थांबले, घाटकोपरमध्ये थांबतात तसे. कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. फक्त नंदाबाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं आणि आवाज सरकत गेला तशी त्यांची नजरही सरकत गेली. इंजिन उघडलं. भिंतीवरच्या तबकड्यांच्या काचा किणकिणल्या.

"गेला परत," त्या म्हणाल्या.

फोटोची पिशवी छातीशी धरून त्या निघाल्या. रत्नप्रभा पायात चपला अडकवून त्यांच्यामागे खाली गेली.

६

ती परत आली तोवर मंडळी पांगली होती. चंद्रप्रकाश ग्लास विसळत होता.

"रिक्षात बसवून दिलं त्यांना," ती म्हणाली. "माझा नंबर घेतलाय त्यांनी. जाताना मला विचारत होत्या, साहेबांची तब्येत बरी नसते का?"

त्याने नळ बंद केला नाही.

"शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं हो," रत्नप्रभा म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती मुलुंडला बहिणीकडे गेली. भांडण झालं नाही. "ती वस्तू त्यांची त्यांना द्या. मग मी येते," एवढंच बोलली.

फोन करायचा त्याला धीर झाला नाही. त्यापेक्षा थेट मानखुर्दला जाऊन हुक दाराशी ठेवावा, शेजाऱ्यांकडे निरोप द्यावा आणि त्यांना तोंड न दाखवताच परत यावं, असं त्याच्या मनात होतं. तो जाऊन बघून आला. इमारतीभोवती पत्रे लागले होते. दारं-खिडक्या काढून नेलेल्या होत्या. वरच्या गॅलरीतली ती फळी तेवढी तशीच बाहेर आलेली होती, आणि तिच्यावर कावळाही बसत नव्हता.

घरी एकटा असल्यामुळे आता त्याला आवाजातलं बरंच ऐकू यायचं. यायचा तेव्हा तो पूर्वीपेक्षा खाली यायचा. मधेच इंजिन अडखळायचं. वर उठताना दमल्यासारखं वाटायचं. एकदा सगळ्या हॉलमध्ये रॉकेलसारखा वास सुटला. त्याने गॅस तपासला, शेजाऱ्यांना विचारलं. भिंतीवरचा ऑक्सिजन मास्क आतून ओला झाला होता. हवेतला दमटपणा, तो म्हणाला. म्हणाला ते मोठ्याने, घरात कोणी नसताना.

मग त्याला वाटलं, त्या बाईने मागितलं होतं तरी काय? उघड्यावर ठेव, एवढंच ना. गच्ची त्याच्या घराच्या डोक्यावर होती. लिफ्टच्या मशीनरूममुळे एक किल्ली त्याच्याकडेही होती. इतके दिवस एक जिना चढायचा होता फक्त.

७

हुक एकट्याने उचलवत नव्हता. बोल्ट काढून त्याने तो गोधडीत गुंडाळला आणि पायरी पायरीने ओढत वर नेला. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही.

गच्चीवर रखरखीत ऊन होतं. पाण्याच्या टाक्या, डिश, कोणीतरी वाळत घातलेली चादर. खाडीकडच्या बाजूला मोकळी जागा होती. त्याने गोधडी सोडली, हुक आभाळाकडे तोंड करून ठेवला आणि बाजूला उभा राहिला. आपण काय करतोय याची त्याला लाज वाटत होती, आणि कोणी बघत नाही ना म्हणून तो आजूबाजूच्या खिडक्या न्याहाळत होता. तसा उभा असतानाच आवाज आला.

आवाजाच्या दिशेने त्याने पाहिलं. आभाळ मोकळं होतं. घारसुद्धा नव्हती. मग त्याचं लक्ष खाली गेलं.

मानखुर्दच्या बाजूने एक सावली येत होती. गच्च्यांवरून, पत्र्यांवरून, झाडांवरून सरळ रेषेत. पंख आखूड होते, चाकं काढलेली होती. ती एका इमारतीवरून तुटायची आणि पुढच्या इमारतीवर पुन्हा लागायची. मागे शेपटीखाली काही नव्हतं. जिथे वैमानिक बसतो त्या जागी सावलीत एक गोल डोकं होतं आणि ते एका बाजूला वाकून खाली काहीतरी शोधत होतं.

ते त्याच्याकडे वळलं.

चंद्रप्रकाश पळाला. थांबायला हवं, असं त्याला कळत होतं. कुंडलिकरावांनी आयुष्यभर हेच केलं असेल, डेकवर उभं राहून येणाऱ्याची वाट बघणं, हेही त्याच धावण्यात त्याच्या मनात आलं. तरी तो जिन्याच्या दारात शिरला, लोखंडी दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.

बाहेर चाकं टेकली. अख्खा जिना हादरला. मग लोखंड सिमेंटवरून लांबवर घासत गेलं आणि काहीतरी ताणलं गेल्याचा आवाज झाला. लिफ्टचा दोर भरल्या वजनाने एकदम थांबतो तेव्हा होतो, तसाच. इंजिन बंद झालं. ते थांबेपर्यंत आपण किती दिवस ते ऐकत होतो हे त्याला कळलं नव्हतं. कावळे ओरडत होते, खाली शाळा सुटली होती.

थोड्या वेळाने पावलं वाजली. जड, ओली. ती दारापाशी आली. दाराखालच्या फटीतून उन्हाची पट्टी आत पडत होती. तिच्यात दोन पायांच्या सावल्या येऊन थांबल्या आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत झिरपलं. त्याच्या बोटांना ते लागलं. खारट वास होता.

दारावर उघड्या तळव्याने थाप पडली. जोरात नाही. शेजारी मारतात तशी.

"कुंडलिक है क्या?"

आवाज पोरसवदा होता, घोगरा, अदबीचा. चंद्रप्रकाशने दोन्ही हातांनी कडी धरली होती.

"पहुँच गया मैं," बाहेरचा म्हणाला.

मी कुंडलिक नाही, एवढं तरी सांगावं असं चंद्रप्रकाशला वाटलं. या जिभेवर त्याचं सगळं आयुष्य चाललं होतं, आणि ती टाळूला चिकटून बसली होती. बाहेरच्याने पुन्हा थाप मारली नाही. तो नुसता उभा राहिला. दार उघडणारच आहे आणि आपण घाई करू नये, असं समजून उभं राहतात तसा.

फटीतल्या सावल्या दिसेनाशा झाल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. तो गेला म्हणून दिसेनाशा झाल्या की ऊन गेलं म्हणून, हे चंद्रप्रकाशला कळायला मार्ग नव्हता. कडी न काढता तो खाली आला.

८

त्या दिवसापासून तो आवाज आला नाही.

रत्नप्रभा मुलुंडहून परत आली. नंदाबाईंनी तिला फोन केला होता. आवाज थांबला, साहेबांनी शब्द पाळला, असं म्हणत होत्या. रत्नप्रभाने हॉलच्या भिंतीवरचे रिकामे बोल्ट पाहिले आणि नवऱ्याच्या दंडाला हात लावून म्हणाली, "बरं केलंत हो." कित्येक दिवसांत तिने त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. त्याने नजर वळवली. तिला वाटलं, लाजला.

मग तिने फोन लावून त्याच्या हातात दिला.

"साहेब, उपकार झाले," नंदाबाई म्हणाल्या. "ह्यांना बघायला मिळायला हवं होतं. व्यवस्थित उतरला ना?"

"हो मावशी."

"फार दमून आला असेल ओ. आल्या आल्या पाणी दिलंत ना त्याला?"

रत्नप्रभा समोर उभी होती.

"दिलं," चंद्रप्रकाश म्हणाला.

गच्चीच्या दाराला त्याने कुलूप लावून ठेवलं आहे. मशीनरूमचं काम चालू आहे, कोणी वर जायचं नाही, असं सोसायटीला सांगितलं आहे. टाकी धुणारा पुढच्या आठवड्यात येणार म्हणून सेक्रेटरी किल्ली मागतोय आणि चंद्रप्रकाश रोज काहीतरी कारण काढतो.

दुपारी रत्नप्रभा आडवी झाली की तो तांब्या भरून घेतो आणि जिना चढून जातो. दाराखालच्या फटीत दोन सावल्या असतात. पायरीवर तांब्या ठेवून तो कुलपाला किल्ली लावतो. बाहेरच्यालाही ते ऐकू येतं, कारण त्या सावल्या जरा पुढे सरकतात आणि कोणीतरी घसा साफ करतं. किल्ली फिरत नाही असं नाही. तो बराच वेळ तसा उभा राहतो.

मग तो तांब्या उचलून खाली येतो आणि त्यातलं पाणी बेसिनमध्ये ओततो. रत्नप्रभाला आवाज जाऊ नये म्हणून, कडेकडेने, हळू.